गच्चीवरचा पत्रा

६ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच बाजूला टाकशील, हे मला ठाऊक होतं. म्हणून पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच.

चार वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही. वहिनीशी मी दर पंधरा दिवसांनी बोलते, हे तुला माहीत आहे आणि माहीत नसल्याचं सोंग तू छान वठवतोस. तिनेच परवा सांगितलं, की उरलेली एकशे तीस संत्र्याची झाडं तू काढून टाकणार आहेस. उपटायला यंत्रवाला सांगून ठेवला आहेस, अठ्ठावीस तारखेला. चारशे वीस झाडं लावली होतीस. दोनशे नव्वद आधीच गेली. आता हीही.

थांब. मी सांगते म्हणून थांब. मोठ्या बहिणीचं ऐकायची तुला सवय आहे, निदान होती.

मला तुझ्या मातीचा नवा नमुना हवा आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी माती-परीक्षण प्रयोगशाळेत माझा शब्द अजून चालतो. तिथली नवी केमिस्ट बाई माझ्याच हाताखाली तयार झाली. मला बघितलं की बिचारी अजूनही उभी राहते.

आता नीट लक्ष दे. नमुना बुंध्याजवळचा नको, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथला घे. वरचा पालापाचोळा बाजूला कर, हातभर खोल खड्डा घे आणि एका बाजूने वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा थर काप. थराची कुदळ लागलेली कड लाकडी पट्टीने खरवडून टाक. पंधरा झाडांखालची माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र कर. प्लास्टिकच्याच. जस्ताची बादली नको, विहिरीवरची ती तर नकोच नको. ढेकळं फोड, ढीग कर, ढिगाचे चार भाग कर, समोरासमोरचे दोन ठेव, दोन टाकून दे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. मग वाळव, सावलीत, जुन्या सुती चादरीवर. पत्र्यावर वाळवू नकोस. कुठल्याही पत्र्यावर वाळवू नकोस.

हे सगळं पूर्वी सांगून झालंय म्हणशील. पुन्हा सांगितल्याने कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत. चार वर्षांत माती बदलते, म्हणून नवा नमुना. दुसरं काही कारण नाही.

मागच्या अहवालाचं म्हणशील, तर त्यावर माझी सही होती. आणि माझ्या सहीचा अहवाल एकतीस वर्षांत कुणी परत आणलेला नाही.

पोचल्याचं कळव. स्वतः नको कळवूस, वहिनीला सांग.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,

माती आली नाही. वहिनीला फोन केला. ती म्हणाली, तू पत्र दोनदा वाचलंस, दुसऱ्या वेळी एकदा हसलास, घडी घालून खिशात ठेवलंस आणि बागेत गेलास. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही. यंत्राचं विचारलं, तर तिने गॅसवर दूध असल्याचं सांगून फोन ठेवला. तुझ्या घरी दूध फारच वेळेवर उतू जातं.

बरं, तू बोलत नाहीस तर मी बोलते. आपलं भांडण कसं झालं ते माझ्या बाजूने एकदा लिहून ठेवते, म्हणजे तुला खोडता येईल.

तू एक फांदी घेऊन प्रयोगशाळेत आला होतास. त्या दिवशी रांगेत बारा-पंधरा माणसं होती. फांदीच्या शेंड्याला पानांचा झुपका, पानं बोटाच्या पेराएवढी, अरुंद, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. तू म्हणालास, “ताई, हे जस्त कमी पडल्याचं लक्षण नाही का? पुस्तकात अगदी असंच चित्र आहे.” मी तुझा अहवाल काढून तुझ्यासमोर ठेवला. जस्त भरपूर होतं, लागतं त्याच्या सातपट. कमी होतं ते स्फुरद. मी म्हणाले, “मास्तर, शाळा सोडून बाग केलीस, आता बाग सोडून डॉक्टरकी करतोस का? पाणी जास्त पाजून मुळं कुजवलीस आणि खापर मातीवर फोडतोस. माती खोटं बोलत नाही.” रांगेतली माणसं हसली. तू फांदी टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलास.

ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. एवढं मी मान्य करते. तू पाणी जास्त देतोस, हे मत मात्र कायम आहे.

तू घरी जाऊन आणून ठेवलेलं झिंक सल्फेटचं पोतं दुकानात परत दिलंस, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं म्हणून परत दिलंस. चिडला होतास तरी ऐकलंस.

तू मास्तर, तुला काय शिकवायचं. पण गेले काही दिवस माझ्या डोक्यात हेच घोळतंय म्हणून लिहिते. नत्र, स्फुरद आणि पालाश ही घरातली मोठी माणसं. पानांची वाढ, मुळं-फुलं, फळाचा दर्जा, सगळी मोठी कामं त्यांच्या नावावर. येणारा-जाणारा त्यांचीच विचारपूस करतो. लोह, जस्त, बोरॉन यांना कुणी विचारत नाही, कारण ती लागतात चिमूटभर. पण भाजीत मीठही चिमूटभरच लागतं. ते विसरलं तर बाकीचं कितीही ओता, पान सरकवून माणूस उठतो. झाडाला उठून जाता येत नाही, एवढाच फरक.

आणि यातलं एखादं जास्त झालं तर ते दुसऱ्याची वाट अडवतं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

गेल्या महिन्यात गच्चीवरच्या कुंड्या हलवल्या. त्याचंही एक सांगायचं होतं. राहू दे. गुडघा दुखतोय, तेवढंच.

पंधरा दिवस राहिले आहेत. माती पाठव.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

शेंडेफळा,

गुडघा ठणठणीत आहे. गुडघ्याला काही झालेलं नाही. मी खोटं लिहिलं, आणि माती बदलते म्हणून नवा नमुना हवा हेही खोटंच लिहिलं. आता सरळ लिहिते.

तुझ्या मातीत जस्त नव्हतं. तू बरोबर होतास. माझा अहवाल चुकला.

गच्चीवर पाण्याच्या टाकीचं जुनं झाकण आहे, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. तू माझ्याकडे यायचास तेव्हा त्यावर पाय पसरून बसायचास. जानेवारीत त्यावरच्या कुंड्या हलवल्या, तर कुंड्यांखाली ओल राहून पांढरी भुकटी धरली होती. झाडू घेऊन झाडायला गेले आणि मधोमध एक चौकोन दिसला, दीड हात लांब, एक हात रुंद. तेवढ्याच जागेवरचा मुलामा काळपट पडून झिजलेला. तिथे कुंडी कधीच नव्हती. मी झाडू हातात धरून त्या चौकोनाकडे बघत उभी राहिले आणि मला आठवलं.

त्या वर्षी तुझी माती आली तेव्हा प्रयोगशाळेतले वाळवणीचे प्लास्टिकचे ट्रे भरलेले होते. पंधरा दिवसांची रांग होती. भावाचं काम रांगेत कशाला, म्हणून मी ती पिशवी घरी आणली. माती नुकत्याच पाणी दिलेल्या बागेतली, चिखलासारखी ओली. ती मी त्या पत्र्यावर पसरली, तीन दिवस रोज हाताने खालीवर केली, आणि चौथ्या दिवशी छान वाळली म्हणून खरवडून पिशवीत भरली. पत्र्यावरचं जस्तही बरोबर खरवडलं असणार. मी तुझ्या मातीतलं जस्त मोजलं नाही, माझ्या गच्चीवरचं मोजलं.

आणि प्रयोगशाळेच्या दारावर माझ्याच अक्षरात रंगवलेली पाटी आहे: “जस्ताच्या बादलीतून आणलेला नमुना स्वीकारला जाणार नाही.” बादली बघून मी किती लोकांना उन्हातान्हात परत पाठवलं असेल. एकदा एक म्हातारे गृहस्थ तीन तास चालत आले होते, त्यांनाही पाठवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नुसत्या आठवणीवर मी विसंबले नाही. माझ्या कुंडीतली माती घेतली, ओली केली, निम्मी चादरीवर वाळवली आणि निम्मी त्या पत्र्यावर. दोन्ही नमुने प्रयोगशाळेत दिले, खोट्या नावाने. एकतीस वर्षं जिथे काम केलं तिथे शेजारणीचं नाव लावून नमुना दिला, कारण निकाल काय येणार हे मला कळून चुकलं होतं. चादरीवरच्या मातीत जस्त दहा लाखांत अर्धा भाग, पत्र्यावरच्या मातीत साडेचार. तुझ्या त्या अहवालात चार पूर्णांक दोन होतं.

हे मला पंधरा जानेवारीला कळलं. आज एकोणीस फेब्रुवारी आहे. पाच आठवडे मी गप्प होते. यंत्राची तारीख ऐकली नसती तर अजूनही गप्प बसले असते की काय, हे मी स्वतःला विचारते आणि उत्तर आवडत नाही.

आणखी एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. जस्त नाकारलं एवढ्यावर मी थांबले नाही. स्फुरद कमी म्हणून दर झाडामागे वर्षाला दीड किलो सुपर फॉस्फेट टाकायला लावलं. वाट अडवण्याबद्दल मागच्या पत्रात अर्धवट लिहिलं होतं ते हेच. मातीत स्फुरद फार झालं की झाडाला जस्त घेणं आणखी अवघड जातं. आधीच उपाशी, त्यात मी तोंडावर हात ठेवला. पानं बारीक झाली, फांद्या शेंड्याकडून वाळत गेल्या, फळ लिंबाएवढं राहिलं, आणि तू दरवर्षी थोडी थोडी झाडं काढत गेलास. गोठ्याच्या बाजूची तेवढी तग धरून राहिली, कारण तिथे वर्षानुवर्षं शेणखत मुरलंय. दोनशे नव्वद झाडं तुझ्या पाण्याने गेली नाहीत. माझ्यामुळे गेली. मला त्याची लाज वाटते, आणि तुला लोकांसमोर हसं केलं त्याची जास्त वाटते.

आता पुढचं. उरलेली एकशे तीस वाचतील. याची मला खात्री आहे. माझ्या खात्रीने तुझं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं आहे, म्हणून या खेपेला माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझा तुला पडताळा घेता येईल असं सांगते. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम झिंक सल्फेट विरघळव. पंचवीस ग्रॅम चुना वेगळ्या भांड्यात भिजवून, गाळून त्यात मिसळ, नाहीतर कोवळी पानं भाजतील. पालवी फुटून पानं अर्धीमुर्धी उघडली की फवार. सगळी झाडं फवार, फक्त पाच तशीच ठेव. त्यांना हात लावू नकोस. सुपर फॉस्फेट सगळ्यांचंच बंद. दीड-दोन महिन्यांनी फवारलेल्या झाडाचं पान आणि न फवारलेल्या झाडाचं पान शेजारी ठेवून बघ. फरक दिसला नाही तर यंत्र बोलाव, मी स्वतः येऊन शेजारी उभी राहीन.

आज सकाळी प्रयोगशाळेत जाऊन आले. जुन्या नोंदवहीत तुझ्या नमुन्यासमोर लाल शाईने लिहिलं: “अहवाल रद्द. नमुना जस्ताच्या पत्र्यावर वाळवला गेला. चूक परीक्षकाची.” खाली सही केली, तारीख घातली. केमिस्ट बाई म्हणाली, “मॅडम, निवृत्तीनंतर कशाला हे? कोण बघतंय?” मी म्हटलं, “तू बघते आहेस ना, तेवढं पुरे.” पत्रा कापून त्याचा तो झिजलेला तुकडा मी तिला देऊन आले. दारावरच्या पाटीखाली टांगायला सांगितलंय.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. झाडं ठेव.

ताई


२५ फेब्रुवारी

शेंडेफळा,

काल तुझं पार्सल आलं. अर्धा किलो माती, सुती पिशवीत, तोंड सुतळीने बांधलेलं. चिठ्ठी नाही. मी नमुन्याचं लेबल वाचलं. झाडांचं वय: चौदा. खोली: हातभर. नमुना घेणाऱ्याचं नाव: शेंडेफळ. आणि सगळ्यात खाली, मास्तरांच्या त्या सुबक अक्षरात: “वाळवण सावलीत, चादरीवर. पत्र्यावर नाही.”

तेव्हा मला कळलं तू का हसला होतास. मी पहिल्याच पत्रात पत्र्याचं नाव दोनदा काढलं होतं. बाकी सगळं लपवलं आणि नेमकं तेच लिहून बसले. चोराच्या मनात चांदणं ते हे.

मग पार्सलवरचा शिक्का पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. सतरा तारखेचा होता. माझं कबुलीचं पत्र मी एकोणीसला लिहिलं, वीसला टाकलं. म्हणजे मी काही कबूल करण्याच्या आधीच तू माती पाठवली होतीस.

वहिनीला फोन लावला आणि म्हटलं, आज दूध उतू गेलं तर जाऊ दे, पण खरं सांग. तिने सांगितलं. माझं पहिलं पत्र वाचलंस त्याच दुपारी तू यंत्रवाल्याला नाही म्हणून सांगितलंस. तिने विचारलं, ताईंना कळवू का, बिचाऱ्या तारखा मोजत असतील. तू म्हणालास, “नको. ताईला काहीतरी सांगायचंय. झाडं वाचली म्हणून कळलं तर ती सांगायची नाही. तिला तिचं सांगू दे.”

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. बऱ्याच वर्षांनी रडले, म्हणून नीट जमलंही नाही. तू किती चांगलं ओळखतोस मला. झाडं वाचलीत असं कळलं असतं तर मी ते पत्र खरंच लिहिलं नसतं.

माती आजच तपासायला घेतली, रांगेत पाच नमुने होते ते आधी होऊ दिले. केमिस्ट बाई बाजूला उभी होती, आकडा तिला वाचायला लावला. जस्त तीन दशांश. सहा दशांशाच्या खाली गेलं की झाड उपाशी. स्फुरद मात्र भरून वाहतंय. अहवाल सोबत जोडला आहे. सही तिची आहे, माझी नाही.

पालवी कधी फुटतेय ते बघत राहा. आणि पाच झाडं तशीच ठेवायची आहेत, विसरू नकोस. त्यांच्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही.

तुझी ताई


१७ एप्रिल

प्रिय शेंडेफळा,

तुझं पाकीट मिळालं. दोन पानं, एकावर पेनाने “फ” आणि एकावर “न”. फवारलेलं माझी चार बोटं झाकतं, अंगाने रुंद, एकसारखं हिरवं. न फवारलेलं बोटाच्या पेराएवढं, शिरांमध्ये पिवळं. ते मी लगेच ओळखलं. अगदी असंच पान चार वर्षांपूर्वी तू माझ्या टेबलावर ठेवून गेला होतास.

दोन्ही पानं टेबलाच्या काचेखाली ठेवली आहेत. सकाळी केमिस्ट बाई आली होती. तिला नुसतं बोट दाखवलं. ती म्हणाली, “मॅडम, मोठं केलं तरी किती.” मी म्हटलं, मी नाही, माझ्या भावाने केलं. त्याने चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

आणि पानांच्या खाली तुझी ओळ. चार वर्षांतली पहिली. “ताई, पाच ठेवायचा जीव झाला नाही. दोनच ठेवली.”

काय म्हणू तुला? पाच सांगितली म्हणजे पाच. दोन झाडांवर कुठलाही शहाणा माणूस निष्कर्ष काढत नाही. दोनांतलं एखादं आधीच अशक्त असलं तर? एखाद्याच्या मुळाशी दगड लागला असला तर? प्रयोगाचा तू पार चुथडा केलास. नोकरीत असते तर तुझा अहवाल मी वाचायलाही घेतला नसता.

हे लिहून अर्धा तास गेला. चहा केला. काचेखालचं ते “न” चं पान पुन्हा पाहिलं. बागेत आता एकशे अठ्ठावीस झाडं पोटभर खातात आणि ही दोन शेजारी उभी राहून बघतात, तीही माझ्या पुराव्यासाठी.

रविवारी पहिल्या बसने येते. वहिनीला सांग, बसस्टॉपवर कुणी यायची गरज नाही, रस्ता मी विसरलेले नाही. पिशवीत प्लास्टिकचं घमेलं आणतेय, कारण तू अजून ती जस्ताची बादलीच वापरत असणार.

पण रविवारपर्यंत थांबू नकोस. पत्र वाचलंस की पंप उचल आणि ती दोन झाडंही फवारून टाक. मला पटलं. माझ्या खात्रीपायी तुझ्या बागेतलं एकही झाड आता उपाशी राहायला नको.

तुझी ताई